माहुली ते खेरी : सर जॉन माल्कमची मुत्सद्देगिरी

सन १७८२. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांपुढे स्कॉटलंडच्या एका कर्जबाजारी शेतकऱ्याचा तेरा वर्षांचा मुलगा उभा होता. पोराला फौजेत घ्यायचे की परत धाडायचे, एवढाच प्रश्न होता. एका संचालकाने गमतीने विचारले, हैदरअली समोर आला तर काय करशील? पोराने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, तलवार उपसून त्याचे डोके उडवीन. संचालक खूश झाले आणि जॉन माल्कमला कंपनीच्या मद्रास फौजेत जागा मिळाली. पुढच्या वर्षी तो मद्रासला उतरला तेव्हा हैदर आजाराने मरण पावला होता.

त्या मुलाखतीने निवडलेल्या शिपायाचे पुढचे आयुष्य मात्र बहुतेक बोलण्यात गेले. त्याच्या नावावर मोठी म्हणावी अशी लढाई एकच, महिदपूरची. तहांची यादी लांब आहे. इराणच्या शाहाशी त्याने तह केला. शिंद्यांशी केला, होळकरांशी केला. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव शरण आला तोही याच माणसाच्या तळावर. मराठी राज्याच्या अखेरच्या पंधरा वर्षांत पुण्यापासून पंजाबपर्यंत ज्या ज्या तंबूत वाटाघाटी झाल्या, त्यातल्या बऱ्याच तंबूंत हा धिप्पाड, बोलका, शिकारीचा आणि गोष्टींचा षौकीन स्कॉटिश अधिकारी आपल्याला भेटतो. फौजी माणूस परमुलखाची भाषा आणि रीतभात शिकून मुत्सद्दी कसा बनतो, त्यातून त्याच्या सरकारला काय मिळते आणि समोरच्याचे काय जाते, हे माल्कमच्या कारकिर्दीत स्वच्छ दिसते.

शिपाई दरबारात का गेले?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीने मोठ्या दरबारांत आपले कायमचे वकील ठेवायला सुरुवात केली. त्यांना रेसिडेंट म्हणत. पुण्यात १७८६ पासून चार्ल्स मॅलेट होता. तो मुलकी नोकर. त्याच्यानंतर १७९८ मध्ये विल्यम पामर आला, तो फौजेतला. पामरनंतर आलेला बॅरी क्लोज हाही फौजेतलाच. हैदराबादेत त्या सुमारास जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक होता, त्याचीही सुरुवात मद्रासच्या फौजेत झालेली. एवढे शिपाई दरबारात शिरले याला दोन कारणे होती.

पहिले कारण त्यांच्या स्वतःच्या सोयीचे. कंपनीच्या फौजेत बढती मिळे ती सेवाज्येष्ठतेने. वरचा माणूस मेला किंवा निवृत्त झाला तरच खालचा एक पायरी चढे. लढाई नसली तर वर्षानुवर्षे छावणीत कवायत करीत बसायचे. दरबारी नोकरीत जादा भत्ते होते, मान होता, गव्हर्नर जनरलच्या नजरेत भरण्याची संधी होती. या वाटेला लागायचे तर फारसी यायला हवी, कारण दरबारांमधला पत्रव्यवहार मुख्यतः फारसीतून चाले. म्हणून छावणीतल्या चाणाक्ष तरुणांनी मुनशी ठेवले आणि अलिफ बे गिरवायला घेतले.

दुसरे कारण कंपनीच्या धोरणात होते. १७९८ मध्ये लॉर्ड वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आला आणि त्याने तैनाती फौजेची पद्धत जोरात चालवली. संस्थानिकाच्या राजधानीजवळ कंपनीची पलटणे राहायची, त्यांचा खर्च संस्थानिकाने द्यायचा, बदल्यात कंपनी त्याचे रक्षण करणार आणि परराष्ट्रांशी त्याचा व्यवहार आपल्या हातात ठेवणार. अशा व्यवस्थेत रेसिडेंटला सकाळी दरबारात गोड बोलावे लागे आणि प्रसंगी संध्याकाळी पलटणी हलवाव्या लागत. दोन्ही कामे जाणणारा माणूस वेलस्लीला हवा होता.

त्याच वेळी जुन्या वळणाचे रेसिडेंट त्याला नकोसे झाले. पामरचे घर फैज बक्ष या मुसलमान स्त्रीबरोबर मांडलेले होते आणि हिंदुस्थानी दरबारांशी बरोबरीच्या नात्याने वागावे असे त्याचे मत होते. वेलस्लीला तो मवाळ वाटला. नाना फडणीस मार्च १८०० मध्ये वारले, पुण्याचा दरबार पोरका झाला, आणि त्यानंतर पामरला बाजूला करून कडक शिस्तीचा बॅरी क्लोज पुण्यात आणला गेला. माल्कम हा या नव्या फळीतला. दरबारी रीतभातीची गोडी त्याला पामरइतकीच होती, पण ती वेलस्लीच्या कामी लावायची त्याची तयारी होती.

हैदराबाद ते तेहरान

माल्कमला फारसीची ओढ लागली ती १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत तो निजामाच्या फौजेबरोबर असलेल्या इंग्रज तुकडीत होता. तिथल्या दरबारी अधिकाऱ्यांचे काम त्याने जवळून पाहिले, नेट लावून भाषा शिकला आणि त्या तुकडीचा फारसी दुभाषा म्हणून नेमला गेला. १७९८ मध्ये वेलस्लीने त्याला हैदराबादेत कर्कपॅट्रिकच्या हाताखाली दिले. तिथले पहिले मोठे काम होते निजामाच्या पदरी असलेली फ्रेंच अधिकाऱ्यांची सुमारे चौदा हजारांची पलटण मोडण्याचे. त्या पलटणीचा प्रसिद्ध सेनापती रेमंड त्याच वर्षी वारला होता आणि पगार थकल्यामुळे शिपाई आपल्याच अधिकाऱ्यांवर उठले होते. कर्कपॅट्रिक आणि माल्कम यांनी इंग्रज पलटणींचा वेढा आणि थकबाकीचे आश्वासन यांची सांगड घातली. ऑक्टोबर १७९८ मध्ये ही मोठी फौज जवळजवळ रक्तपात न होता विसर्जित झाली. तिची निशाणे घेऊन माल्कम कलकत्त्याला गेला आणि वेलस्लीच्या मर्जीतला झाला.

पुढच्याच वर्षी टिपू पडला आणि तिशीतल्या माल्कमला वेलस्लीने थेट इराणला पाठवले. कंपनीला तेव्हा दोन धास्त्या होत्या. काबूलचा झमानशाह हिंदुस्थानवर उतरेल ही एक, आणि इजिप्तपर्यंत आलेले फ्रेंच इराणमार्गे पुढे सरकतील ही दुसरी. डिसेंबर १७९९ च्या अखेरीस माल्कम मुंबईहून निघाला आणि इराणी आखातातल्या बुशहर बंदरात उतरला. तेहरानला पोचायला त्याला नोव्हेंबर १८०० उजाडला. इतका वेळ लागण्याला रस्त्याइतकेच कारण होते मानपानाचे. शिराझला शाहाच्या मुलासमोर आपण कुठे बसायचे यावरून त्याने वाद घातला आणि हवी ती जागा मिळेपर्यंत तो सोडला नाही. आज हे पोरकट वाटेल. पण त्या दरबारात माणसाची जागा म्हणजेच त्याच्या राजाची जागा होती, आणि पहिल्या दिवशी एक पायरी खाली बसलेल्या वकिलाला नंतर वर चढता येत नसे. पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या दरबारातही हाच हिशेब होता, त्यामुळे माल्कमला तो हिंदुस्थानातच अंगवळणी पडला होता.

फतेहअली शाहाशी जानेवारी १८०१ मध्ये तह झाला. अफगाणांनी हिंदुस्थानवर चाल केली तर इराणने त्यांच्या मुलखावर चालून जायचे, फ्रेंचांना इराणात पाय रोवू द्यायचा नाही, आणि इंग्रजी व्यापाराला सवलती द्यायच्या. नजराण्यांवर खर्च बेसुमार झाला म्हणून लंडनचे संचालक कुरकुरले. झमानशाहला तर त्याच्याच भावाने त्याच वर्षी पदच्युत केले, म्हणजे ज्या भीतीपोटी तह झाला ती भीतीच उरली नाही. पुढे रशियाने इराणला घेरले तेव्हा मदतीसाठी शाहाने इंग्रजांकडे हात पसरला, तो रिकामा राहिला, आणि १८०७ मध्ये शाह नेपोलियनकडे वळला. १८०८ मध्ये माल्कम पुन्हा बुशहरला गेला. फ्रेंच वकिलाला आधी घालवा, असा हट्ट त्याने धरला, आणि त्याला किनाऱ्यावरून पुढे जाऊ दिले गेले नाही. तो रागारागाने परतला. त्याच्यामागून लंडनहून स्वतंत्रपणे आलेल्या हार्फर्ड जोन्सने शांतपणे काम साधले, तोवर नेपोलियन आणि रशिया यांची दिलजमाई झाल्याने शाहाला फ्रेंचांचा उपयोगही उरला नव्हता.

१८१० मध्ये माल्कम तिसऱ्यांदा गेला. या वेळी करण्याजोगे राजकीय काम फारसे नव्हते, पण शाहाने जुन्या स्नेह्यासारखे स्वागत केले, ‘सिंह आणि सूर्य’ हा मानाचा किताब दिला. माल्कमने इराणात बटाटा नेला, तो तिथे बराच काळ त्याच्या नावाने ओळखला जात असे. या वकिलातीच्या निमित्ताने पॉटिंजर आणि क्रिस्टी या दोन तरुण अधिकाऱ्यांनी वेषांतर करून बलुचिस्तान पालथा घातला. माल्कमने स्वतः इराणचा दोन खंडी इतिहास लिहिला, तो १८१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वकिलात, टेहळणी आणि ग्रंथलेखन ही तिन्ही कामे त्या काळच्या फौजी मुत्सद्द्यांनी अशी एकाच प्रवासात केली.

अंजनगावचा तंबू

पहिल्या दोन इराणवाऱ्यांच्या मध्ये माल्कमचा मराठ्यांशी संबंध आला. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला. बाजीराव पुण्यातून कोकणात पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला त्याने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. क्लोजने घडवलेल्या या तहानुसार मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने बाजीरावाला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवले. आर्थर हा गव्हर्नर जनरलचा धाकटा भाऊ, पुढे नेपोलियनला हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला. या मोहिमेत माल्कम त्याच्याबरोबर होता. क्लोज, वेलस्ली आणि माल्कम या तिघांची बाजीरावाशी ओळख झाली ती इथे.

त्यानंतर शिंद्यांशी झालेल्या युद्धात माल्कम आजारी पडून मुंबईला गेला, त्यामुळे असईची लढाई त्याला चुकली. डिसेंबरात तो परत आला तेव्हा शिंद्यांचे वकील तहाला आले होते. दौलतराव शिंद्यांच्या वतीने बोलायला बसले होते वयोवृद्ध विठ्ठलपंत. पंतांच्या चेहऱ्यावरून मनातले काही म्हणजे काही कळत नसे. पत्त्यांच्या ‘ब्रॅग’ या डावाला असा चेहरा मिळाला तर काय बहार येईल, असे माल्कमला वाटले आणि इंग्रजांच्या तळावर पंतांचे नाव ‘म्हातारा ब्रॅग’ पडले. बऱ्याच वर्षांनी माल्कमने वेलिंग्टनला विचारले, फ्रान्सचा तो नामांकित मुत्सद्दी तालेराँ कसा आहे? वेलिंग्टन म्हणाला, आपल्या म्हाताऱ्या ब्रॅगसारखाच, फक्त तेवढा हुशार नाही. पराभूत बाजूच्या कारकुनी मुत्सद्द्याला शत्रूने दिलेली ही पावती मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि दोनच महिन्यांत बऱ्हाणपूरला माल्कमने शिंद्यांशी आणखी एक तह केला. तिथेच एक पेच उभा राहिला. ग्वाल्हेरचा किल्ला आणि गोहदचा मुलूख शिंद्यांकडे राहणार की जाणार, हे अंजनगावच्या कलमांत संदिग्ध होते. लॉर्ड वेलस्लीला ते शिंद्यांकडून काढून घ्यायचे होते. शिंद्यांच्या छावणीत बसलेल्या माल्कमचे मत पडले की कलमांचा सरळ अर्थ शिंद्यांच्या बाजूने जातो आणि इंग्रजांनी शब्द फिरवला तर पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही. त्याने तसे लिहिलेही. उत्तरादाखल त्याला खरमरीत समज मिळाली. हुकूम पाळणे हे तुझे काम, सरकारचे हित कशात आहे ते आम्ही पाहू, असा तिचा आशय होता. माल्कम दुखावला, पण वाकला. वेलस्ली परत गेल्यावर नोव्हेंबर १८०५ मध्ये शिंद्यांना ग्वाल्हेर आणि गोहद परत मिळाले, आणि त्या तहाची बोलणी त्यांचे मुनशी कवलनयन यांच्याशी केली माल्कमनेच. पुढच्याच महिन्यात बियास नदीकाठी यशवंतरावांशीही तह झाला. परक्या दरबारात राहणाऱ्याला समोरच्याची बाजू दिसू लागते आणि मग आपलेच सरकार त्याच्याकडे संशयाने पाहते. पामरची नोकरी याच संशयापायी गेली होती. माल्कमने आपली टिकवली.

माहुलीची फसगत

इराणच्या शेवटच्या वारीनंतर माल्कम काही वर्षे विलायतेत होता. तो १८१७ मध्ये परतला तेव्हा पुण्यातली हवा बिघडली होती. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला होता. इंग्रजांनी ठपका ठेवला तो बाजीरावाचा आवडता कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच्यावर. रेसिडेंट एल्फिन्स्टनने जून १८१७ मध्ये बाजीरावाच्या गळी नवा तह उतरवला. मराठा सरदारांवरचे पुढारपण सोडायचे आणि मोठा मुलूख द्यायचा, अशी त्यातली कलमे होती. सिंहगड, पुरंदर आणि रायगड हे किल्ले इंग्रजांनी आधीच तारण म्हणून ताब्यात घेतले होते.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने पेंढाऱ्यांवरच्या मोठ्या मोहिमेसाठी माल्कमला दख्खनच्या फौजेबरोबर राजकीय प्रतिनिधी नेमले. तो पुण्यात आल्याचे कळताच बाजीरावाने त्याला साताऱ्याजवळ माहुलीला भेटीला बोलावले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर ऑगस्ट १८१७ मध्ये दोघे जुने परिचित पुन्हा भेटले. बाजीरावाचे बोलणे नेहमीच मधाळ. झाल्या अपमानाचे दुःख त्याने मोकळे केले, इंग्रजांच्या मैत्रीवाचून आपल्याला गती नाही असे सांगितले आणि पेंढाऱ्यांविरुद्ध फौज उभारायची तयारी दाखवली. माल्कम विरघळला. बाजीरावावर विश्वास टाकावा, त्याला फौज जमवू द्यावी, किल्लेही परत करावेत, असे त्याचे मत पडले. किल्ले परत गेले.

एल्फिन्स्टन मात्र बधला नाही. तो फौजेतला नव्हता आणि इराणला कधी गेला नव्हता. पण पुण्यात सहा वर्षे बसून त्याने बाजीरावाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या हरकाऱ्यांच्या आणि सावकारांच्या हालचालींवर नजर ठेवली होती. फौज जमली, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी ती खडकीला इंग्रजांवर चालून गेली. संगमावरचा रेसिडेंटचा बंगला जळाला. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढले. माहुलीत माल्कमच्या हातून झालेली चूक त्याच्या धंद्यातच दडलेली होती. माणसाशी असलेली ओळख हेच ज्याचे भांडवल, त्याला ती ओळख खोटी असू शकेल हे सहसा सुचत नाही.

खेरीचा चोवीस तासांच्या मुदतीचा कागद

माल्कम तोवर माळव्याकडे सरकला होता. होळकरांच्या दरबाराशी त्याची बोलणी चालली असतानाच तिथल्या लढाऊ सरदारांनी कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा खून केला. दुसऱ्या दिवशी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरला क्षिप्रेच्या काठी लढाई जुंपली. माल्कमने पुढच्या फळीचे नेतृत्व केले. होळकरांचा तोफखाना इतका नेमका होता की इंग्रजांची सुमारे आठशे माणसे मेली किंवा जखमी झाली, पण मैदान त्यांच्याकडे राहिले. पंधरा दिवसांत होळकरांचे कारभारी तात्या जोग यांच्याशी मंदसोरचा तह झाला.

इकडे बाजीरावाच्या पळापळीला सुरुवात झाली. कोरेगावची लढाई झाली. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये वऱ्हाडाच्या बाजूला शिवणीजवळ आणखी एक पराभव झाला. मे महिन्यात बाजीराव असीरगडाच्या आसऱ्याला पोचला. जवळ काही हजार माणसे उरली होती, त्यात पगारासाठी अडून बसलेले अरब. दक्षिणेकडून इंग्रज सेनानी डव्हटनची फौज, उत्तरेकडून महूहून माल्कमच्या तुकड्या. बाजीरावाने वकील धाडले ते माल्कमकडे.

१ जूनच्या संध्याकाळी असीरगडाजवळच्या खेरी गावी भेट झाली. दरबारी भेटीनंतर दोघे वेगळ्या तंबूत बसले. बाजीरावाच्या डोळ्यांत पाणी होते. माझे तीन स्नेही होते, तो म्हणाला, वेलस्ली, क्लोज आणि तुम्ही. एक दूरदेशी मोठा माणूस होऊन बसला आहे, दुसरा मेला, उरलात ते तुम्हीच. माहुलीत ज्या ओळखीचा उपयोग त्याने फसवण्यासाठी केला होता, तीच आता त्याची एकमेव पुंजी होती. या वेळी माल्कम विरघळला नाही. पुण्याची गादी विसरा, महाराष्ट्रात राहता येणार नाही, एवढे त्याने तोंडावर सांगितले. त्याने बाजीरावाला तिथेच अडकवले मात्र नाही, त्याच्या तळावर परत जाऊ दिले आणि मागोमाग अटी लिहून पाठवल्या. पेशवाईवरचा स्वतःचा आणि वारसांचा हक्क कायमचा सोडायचा, कुटुंबकबिल्यासह उत्तर हिंदुस्थानात जाऊन राहायचे. त्याबदल्यात त्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी वर्षाला आठ लाखांहून कमी नाही एवढी नेमणूक मिळेल, त्याच्यापायी बुडालेल्या जहागीरदारांचा आणि आश्रित ब्राह्मण-देवस्थानांचा विचार होईल. मुदत चोवीस तासांची. त्र्यंबकजीला यात जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजीरावाकडून अशुभ दिवसाचे आणि धर्मकृत्यांचे निमित्त आले. माल्कमने आपल्या फौजा जवळ आणल्या. ३ जूनला सकाळी बाजीराव त्याच्या तळावर दाखल झाला. आठवडाभरात अरबांनी थकलेल्या पगारासाठी पेशव्याचाच तंबू घेरला, तेव्हा माल्कमने एकीकडे तोफा मांडल्या आणि दुसरीकडे देण्याघेण्याची हमी घेतली. वीस वर्षांपूर्वी हैदराबादेत शिकलेला डाव त्याने इथे पुन्हा खेळला.

आठ लाखांचा हिशेब

हेस्टिंग्जला ही रक्कम अवाच्या सवा वाटली. हरलेल्या, पळून थकलेल्या माणसाला एवढे कशाला? माल्कमचे उत्तर फौजी हिशेबाचे होते. पावसाळा तोंडावर होता. असीरगड शिंद्यांचा, आणि त्याचा किल्लेदार पेशव्याला अनुकूल. बाजीराव आत शिरला असता तर वेढा महिनोन् महिने चालला असता आणि शिंदे पुन्हा युद्धात ओढले गेले असते. हा धाक पोकळ नव्हता. पुढच्या वर्षी असीरगड घ्यायला इंग्रजांना मोठा तोफखाना लावावा लागला. शिवाय पेशवा मारला किंवा कैदेत टाकला गेला असता तर सरदारांच्या मनात तो जिवंत राहिला असता, आणि नेमणूक घेऊन गंगाकाठी जाऊन राहिलेला पेशवा त्यांच्या आशा स्वतःच विझवील, हा त्याचा कयास होता. एल्फिन्स्टन आणि मद्रास फौजेतला मन्रो यांनी माल्कमची बाजू उचलून धरली. बाजीरावाला कानपूरजवळ बिठूरला नेण्याचे आणि तिथे त्याच्यावर देखरेख ठेवण्याचे काम लेफ्टनंट जॉन लो याला मिळाले. खेरीच्या वाटाघाटीत धावपळ केलेला हा तरुण पुढे लखनौचा रेसिडेंट आणि गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा सभासद झाला. माल्कमच्या तळावर अशी माणसे तयार होत.

पैशाच्या बाजूने पाहिले तर माल्कमचा अंदाज चुकला. शरण येताना बाजीराव त्रेचाळीस वर्षांचा होता. तो १८५१ पर्यंत जगला आणि कंपनीला अडीच कोटी रुपयांहून जास्त मोजावे लागले. राज्य म्हणून पाहिले तर सौदा स्वस्त पडला. बत्तीस वर्षांत बाजीरावाने पुण्याच्या दिशेने एक पाऊल टाकले नाही.

महाराष्ट्रात उरली ती साताऱ्याची गादी. तिथे पोलिटिकल एजंट म्हणून आला जेम्स ग्रँट डफ, मुंबईच्या फौजेतला अठ्ठावीस वर्षांचा अधिकारी. प्रतापसिंहांना कारभार शिकवता शिकवता त्याने दप्तरे, बखरी आणि घराण्यांचे कागद गोळा केले आणि १८२६ मध्ये मराठ्यांचा तीन खंडी इतिहास छापला. त्याच्या जागी आलेल्या ब्रिग्जने फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. माल्कमचा माळव्यावरचा ग्रंथ १८२३ मध्ये आला. त्यात अहल्याबाई होळकरांविषयी त्याने लोकांकडून ऐकलेले नोंदवले आहे, आणि आदराने नोंदवले आहे. या पुस्तकांत राज्यकर्त्याची दृष्टी आहेच. मराठी अभ्यासकांनी तिला उत्तर द्यायला सुरुवात केली ती डफच्या पुस्तकापासूनच. नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी १८६० च्या दशकात त्यावर टीका लिहिली, आणि पुढे इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या पिढीने घरोघर फिरून कागद जमवले. या शिपायांनी मराठ्यांचा इतिहास लिहिल्याचा हा एक अनपेक्षित उपयोग झाला.

माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरी त्याने वसवलेली माल्कम पेठ त्याच काळातली, त्यासाठी जागा मिळाली प्रतापसिंहांकडून अदलाबदलीत. तो १८३३ मध्ये लंडनला वारला. त्यानंतर साताऱ्यात काय झाले ते पाहण्यासारखे आहे. १८३९ मध्ये रेसिडेंट होता लेफ्टनंट कर्नल ओव्हान्स, हाही फौजेतलाच. कारस्थानाच्या आरोपांचा गठ्ठा करून प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले आणि काशीला धाडण्यात आले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे खेटे घालून रिकाम्या हाताने परतले. आता कंपनीला समोर बरोबरीचा कुणी उरला नव्हता. ज्याच्याशी तह करायचा नाही, त्याची भाषा, त्याची रीत, त्याचा मान जाणण्याची गरज उरत नाही. ग्रँट डफ आणि ओव्हान्स यांच्यातला फरक स्वभावाचा होता तसाच या बदललेल्या गरजेचाही होता.

बिठूरलाही तेच घडले. बाजीराव वारल्यावर दत्तक पुत्र नानासाहेबांनी नेमणूक चालू ठेवण्याची मागणी केली. त्यांचा मुद्दा खेरीच्या कागदावर उभा होता: रक्कम पेशव्याच्या आणि कुटुंबाच्या निर्वाहासाठी कबूल केली होती, एकट्या पेशव्यासाठी नव्हे. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या सरकारने ते मानले नाही. लंडनपर्यंत दाद मागून झाली, तिथेही नकार मिळाला. १८५७ मध्ये नानासाहेब कानपूरला उठावाच्या अग्रभागी उभे राहिले, त्यामागे कारणे अनेक होती आणि हे त्यातले एक. खेरीला शब्द देणारा आणि घेणारा यांची पंधरा वर्षांची ओळख होती. संदिग्ध कलमाचा अर्थ समोरच्याच्या बाजूने लावावा, असा आग्रह ग्वाल्हेरच्या वेळी धरणारा माल्कम १८५१ मध्ये हयात नव्हता आणि त्याच्या जागी तसा आग्रह धरणारे कुणी नव्हते. माल्कमसारख्या माणसांची मुत्सद्देगिरी ओळखीवर चालली, आणि कंपनीने तिचा पुरेपूर वापर करून राज्ये मिळवली. त्या ओळखीतून जन्मलेली देणी मात्र तिने माणसांबरोबर संपवली, आणि हा व्यवहार शेवटी तिलाच महाग पडला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच काढून घेण्यात आले.